आंबा वैशाखातला, सौदा आश्विनातला

वैशाख शुद्ध तृतीयेला आपल्याकडे आंब्याचा मान मोठा. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक मुहूर्त. या दिवशी पितरांच्या नावाने उदककुंभाचे दान करावयाचे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सांगता करावयाची, आंब्याची डाळ व पन्हे देऊन आल्यागेल्याचे आदरातिथ्य करावयाचे, अशी महाराष्ट्राची रीत आहे. पुष्कळ घरांत तर पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखविल्याखेरीज वडीलधारी माणसे आंबा तोंडात घालीत नाहीत. त्यामुळे हा सण जवळ आला की मुंबई-पुण्याच्या घराघरांतून हापूसची मागणी एकाएकी वाढते आणि रत्नागिरीचा बागायतदार त्या मागणीकडे डोळे लावून बसतो.

ही मागणी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग आज मुख्यतः दोन आहेत. एक जुना, वाशीच्या फळबाजारातून दलालामार्फत येणारा. दुसरा नवा, मोबाईलच्या पडद्यावरून थेट बागेत येणारा. यांपैकी कोणता धरावा, यावर गेली काही वर्षे रत्नागिरी, राजापूर, संगमेश्वर, गुहागर या तालुक्यांत हिरिरीने चर्चा चालते. तरुण बागायतदार म्हणतात, दलालाचे जोखड आता उतरवा. वडीलमंडळी म्हणतात, हजार पेट्या फोनवर विकून दाखवा, मग बोलू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि आमच्या मते ही चर्चा चुकीच्या महिन्यात होते. आंबा कोठे विकावयाचा हे चैत्र-वैशाखात ठरत नाही. ते त्याच्या सहा महिने आधी, आश्विन-कार्तिकातच ठरून गेलेले असते.

रुमालाखालचा भाव

हे नीट समजण्यासाठी जुन्या व्यापाराची रीत थोडी आठवली पाहिजे. रस्ते धड नव्हते त्या काळात रत्नागिरीचा आंबा बोटीने मुंबईस जाई. पुढे ट्रक आले. माल क्रॉफर्ड मार्केटात उतरे. १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार वाशीस गेला आणि आंब्याची वाटही तिकडे वळली. बाजाराची जागा बदलली, तरी व्यवहाराचा सांगाडा तोच राहिला. बागायतदाराने पेट्या भरून हुंडेकऱ्याच्या स्वाधीन करावयाच्या. दलालाने त्या उतरवून घेऊन विकावयाच्या. आणि हमाली, वाहतूक, आडत वजा करून उरलेल्या रकमेची ‘पट्टी’ बागायतदाराला पाठवावयाची. सौदा होई तो रुमालाखाली, हातात हात घेऊन, बोटांच्या खुणांनी. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळत नसे. मग दोनतीनशे किलोमीटर दूर बसलेल्या बागायतदाराला तो कोठून कळणार? पट्टीवर जो आकडा येई, तो खरा मानावयाचा.

या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तही होती. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतमालाच्या खरेदी-विक्रीला नियम आले. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांवरील नियमन बाजार आवाराबाहेर उठविले आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. म्हणजे बागायतदाराने आपला आंबा कोणालाही, कोठेही विकावा, याला कायद्याची आडकाठी राहिली नाही. असे असूनही हापूसच्या पेट्यांनी भरलेले ट्रक आजही वाशीकडेच रांग लावतात. ते का, याचा विचार दलालाला शिव्या देऊन संपत नाही.

दलाल बागायतदारासाठी दोन कामे करतो, जी दुसरे कोणी करीत नाही. पहिले काम असे की, येईल तो माल, येईल त्या दिवशी, येईल तितका तो उतरवून घेतो. दुसरे काम अधिक महत्त्वाचे. तो आंबा येण्यापूर्वीच पैसे देतो. ही ‘उचल’ म्हणजेच सर्व व्यवहाराचे मर्म होय. तिच्याकडे आपण पुढे वळूच.

टाळेबंदीतील अक्षय्य तृतीया

नव्या मार्गाची खरी परीक्षा २०२० साली झाली. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागली. हंगाम नुकताच सुरू झालेला, फळे झाडावर तयार, आणि बाजार कधी चालू तर कधी बंद. अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला, म्हणजे ऐन टाळेबंदीत आली. त्या आणीबाणीत कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांशी फोनवरून संधान बांधले. एका संस्थेतील पाचपन्नास कुटुंबांची मागणी एकत्र करावयाची, एक टेंपो भरावयाचा आणि पेट्या फाटकाशी उतरवावयाच्या, असा क्रम बसला. पैसे मोबाईलवरून आले. एसटी महामंडळाने मालवाहतूक सुरू केली ती याच वर्षी मे महिन्यात, आणि रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्याही तिने मुंबईकडे नेल्या.

ही गोष्ट वाटते तितकी नवी नव्हती. ज्या कोकणात प्रत्येक घरचा एक तरी माणूस चाकरमानी म्हणून मुंबईत असे, तेथे गिरगावच्या चाळीतील नातेवाइकाला पत्र टाकावयाचे, एसटीच्या टपावरून पेट्या पाठवावयाच्या, त्याने त्या चाळीत वाटून मनीऑर्डरीने पैसे धाडावयाचे, हा प्रकार जुनाच होता. मोबाईलने त्याच ओळखीचा परीघ वाढविला. पूर्वी जी ओळख आडनावाने आणि गावाने होत असे, ती आता एका छायाचित्राने आणि एका क्रमांकाने होऊ लागली.

या थेट विक्रीचा लाभ केवळ चार पैसे अधिक मिळण्यात आहे असे बहुधा सांगितले जाते. आम्हांला दुसरा लाभ मोठा वाटतो. दलालाच्या व्यवहारात बागायतदाराचे नाव बाजारात पोहोचल्यावर पुसले जाते. एखाद्याने वर्षानुवर्षे फळ चौदा आणे तयार झाल्यावरच उतरविले, देठ राखून झेल्याने काढले, भाताच्या पेंढ्यात आढी घालून जपले, तरी खाणाऱ्याला ते कोणाच्या बागेतले हे ठाऊक नसते. पत वाढते ती विकणाऱ्याच्या गाळ्याची. थेट विक्रीत मात्र ग्राहक दुसऱ्या वर्षी फोन करून ‘गेल्या वर्षी पाठविला होता तोच द्या’ असे म्हणतो. बागायतदाराच्या पिढ्यांना जी पत गाठी बांधता आली नव्हती, ती अशी त्याच्या नावावर जमा होऊ लागते.

फोनवर न मावणारा आंबा

मग सर्वांनीच वाशीची वाट सोडून का देऊ नये? त्याचे पहिले कारण निसर्ग हे आहे. समजा, एका बागायतदाराचा हंगामातील माल ५०० पेट्या आहे आणि त्याला फोनवरून दररोज १० पेट्यांची मागणी येते. कागदावर ५० दिवसांत सर्व माल खपतो. प्रत्यक्षात आंबा कागदाप्रमाणे पिकत नाही. मोहोर दोनतीन वेळा येतो आणि फळही तसेच लोंढ्यालोंढ्याने तयार होते. एका आठवड्यात ४० पेट्या निघतात, तर उन्हाचा तडाखा वाढताच पुढच्या आठवड्यात १५०. फोनवरची ७० पेट्यांची मागणी पुरी करूनही ८० पेट्या उरतात. त्या थांबू शकत नाहीत. मे अखेरीस पावसाची चाहूल लागली म्हणजे तर सारेच एकदम उतरवावे लागते. अशा वेळी माल घेणारे दार म्हणजे वाशीचा गाळा, आणि तेथेही भाव कोसळला तर किलोच्या दराने कॅनिंगचा कारखाना.

दुसरे कारण कष्टाचे. दलालाकडे पेटी पाठविली की बागायतदाराचे काम संपते. थेट विक्रीत ते तेथून सुरू होते. फळे वजनाप्रमाणे निवडावयाची, ती ठरल्या दिवशी पिकतील अशा बेताने आढीतून काढावयाची, खोकी बांधावयाची, पत्ते लिहावयाचे, पार्सल कोठे अडकले याचा शोध घ्यावयाचा, आणि एखाद्या फळात साका निघाला तर गिऱ्हाइकाची समजूत घालून ते भरून द्यावयाचे. साका वरून दिसत नाही. फळ कापल्यावरच कळतो. तेव्हा प्रामाणिक बागायतदारालाही ही तोशीस सोसावी लागतेच. ज्या घरात शिकलेला मुलगा किंवा सून हे काम अंगावर घेते, तेथे हा व्यवहार चालतो. जेथे दोन वृद्ध माणसेच मागे राहिली आहेत, तेथे तो चालविणार कोण?

तिसरे कारण असे की, पडद्यावरच्या बाजारातही दलाल आहेत. त्यांची नावे तेवढी निराळी आहेत. समाजमाध्यमावर जाहिरात करावयाची तर पैसे मोजावे लागतात, आणि हंगामात सारेच विक्रेते एकाच वेळी जाहिरात करू लागले म्हणजे ते अधिक मोजावे लागतात. घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आंबा दिला, तर त्या आपल्या नावाने विकतात आणि बागायतदाराचे नाव पुन्हा एकदा पुसले जाते.

आश्विनातील उचल

आता मूळ मुद्दा. हापूस हे खर्चिक पीक आहे. पावसाळा सरला की बागेची साफसफाई सुरू होते. मोहोर फुटू लागल्यावर तुडतुडे, फुलकिडी, भुरी यांपासून तो राखण्यासाठी फवारणीच्या फेऱ्यांवर फेऱ्या कराव्या लागतात, आणि हवामान ढगाळ झाले की आणखी एक फेरी वाढते. राखणीस व उतरणीस माणसे लागतात. स्थानिक मजूर मिळत नसल्याने कित्येक बागांतून ही कामे आता नेपाळी कामगार करतात. त्यांचा पगार दरमहा द्यावा लागतो. लाकडी पेट्या, पेंढा, गाडीभाडे हे पुढे आहेच. हा सर्व खर्च आश्विनापासून फाल्गुनापर्यंत होतो आणि पहिला पैसा दिसतो तो चैत्रात.

या सहा महिन्यांची पोकळी दलालाची उचल भरून काढते. तिला ना सातबारा लागतो, ना जामीन. एक फोन केला की रक्कम मिळते. अट एकच, आणि ती बहुधा लिहिलेलीही नसते. माल माझ्या गाळ्यावर यावयाचा. झाले. ज्याने आश्विनात उचल घेतली, त्याचा वैशाखातला आंबा त्याच दिवशी विकला गेला. भाव तेवढा ठरावयाचा राहिला. अशा बागायतदाराला ‘तू ऑनलाइन का विकत नाहीस?’ असे विचारणे व्यर्थ आहे. त्याच्या हाती मोबाईल आहे, समोर ग्राहक आहे, पण झाडावरचा आंबा त्याचा राहिलेला नाही.

म्हणून जो बागायतदार नोकरीच्या, दुकानाच्या वा घरातील दुसऱ्या कमाईच्या आधारावर हंगामाचा खर्च स्वतः उचलू शकतो, तोच दोन मार्गांतून निवड करू शकतो. निवडक मोठे फळ तो थेट ग्राहकाला देतो, मध्यम फळ वाशीस पाठवितो, लहान व डागी फळ कॅनिंगला देतो. पन्नास-शंभर कलमांच्या धन्याला ही चैन परवडत नाही. १९९० पासून रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड झाली आणि कोकणात अशा लहान बागायतदारांची संख्या फार वाढली. विक्रीच्या नव्या साधनांची खरी गरज त्यांनाच आहे, आणि त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाहीत.

या गाठीवर उपाय विक्रीच्या टोकाला सापडावयाचा नाही. तो भांडवलाच्या टोकाला शोधला पाहिजे. पीककर्ज वेळेवर, म्हणजे फवारणीपूर्वी, हातात पडले पाहिजे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई पुढील हंगामाच्या आत मिळाली, तरच ती पुढील हंगामाच्या कामी येईल. लहान बागायतदारांनी सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी करून निवड, पिकवण आणि पाठवणी एकत्र केली, तर घरात शिकलेला मुलगा नाही म्हणून कोणाचा आंबा अडून राहणार नाही. शिवाय आंबापोळी, कोकम, काजूगर, फणसपोळी हे पदार्थ टिकाऊ असल्यामुळे पार्सलाने पाठविण्यास आंब्यापेक्षा कितीतरी सोयीचे आहेत. हापूसमुळे जोडलेला ग्राहक या पदार्थांसाठी वर्षभर टिकविता येईल.

नाव कोणाचे?

थेट विक्रीची सारी इमारत विश्वासावर उभी आहे आणि त्या विश्वासाला आज सर्वाधिक धोका आहे तो खोट्या नावाचा. कर्नाटकातील आंबा हापूस म्हणून, आणि कोठलाही हापूस रत्नागिरीचा म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात जुनाच आहे. मंडईत निदान फळ हातात घेऊन त्याचा वास घेता येतो. पडद्यावर ना वास येतो ना स्पर्श होतो. दुसऱ्याच्या बागेचे छायाचित्र लावून, आगाऊ पैसे घेऊन नाहीसे होणारे भामटेही आहेत. कोणी असा फसला, तर त्याने १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

या दृष्टीने २०१८ साली हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन फार उपयोगाचे आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील फळासच ते लागू आहे आणि त्याचा वापर करण्यासाठी बागायतदारास स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शेजारच्या सिंधुदुर्गात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने याच्या पुढचे पाऊल टाकले. २०२५ च्या हंगामापासून तिने फळावर विशिष्ट क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची पद्धत सुरू केली. तो क्रमांक ग्राहकास मोबाईलवरून पडताळता येतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे फळ ऑनलाइन विकले जावो की हातगाडीवर, चिकटपट्टी त्याच्यासोबत जाते. बागायतदाराचे नाव राखण्यासाठी बाजार सोडावा लागत नाही. नावासकट बाजारात जाता आले, तर वाशीचा गाळा, पुण्यात पणन मंडळ भरविते तो आंबा महोत्सव, महामार्गावरील मांडव आणि मोबाईल ही चारही दुकाने एकाच बागेची होऊ शकतात.

ग्राहकाचा वाटा

आजच्या दिवशी हा लेख वाचणारे बहुतेक वाचक आंबा विकणारे नसून खाणारे आहेत. त्यांना आमचे दोन शब्द सांगणे आहे.

२०२३ साली पुण्यातील एका विक्रेत्याने हापूस मासिक हप्त्यांवर देण्याची योजना काढली आणि तिची देशभर चर्चा झाली. आंबा आज खा, पैसे पुढे द्या, अशी ती कल्पना. व्यापाराची युक्ती म्हणून ती चांगलीच होती. पण बागायतदाराची गरज नेमकी उलट आहे. त्याला पैसे आधी हवेत. ज्या कुटुंबाला एखाद्या बागेचा आंबा मनापासून आवडला आहे आणि त्या माणसाची सचोटी दोन-तीन वर्षे पारखून झाली आहे, त्याने दिवाळीतच पुढील वैशाखाच्या दोन पेट्यांची नोंदणी करून निम्मी रक्कम आगाऊ दिली, तर काय होईल? एकट्या कुटुंबाने काही फार होणार नाही. परंतु एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील चाळीस कुटुंबांनी मिळून असे केले, तर एका लहान बागेच्या फवारणीचा भार बराच हलका होईल आणि तितक्यापुरती उचल घ्यावी लागणार नाही. मोहोर गळाला, अवकाळी पाऊस आला, तर आंबा कमी मिळेल, कदाचित उशिरा मिळेल. ही जोखीम दोघांनी वाटून घेण्याची बोली आधीच स्पष्ट करावी. व्यवहार लेखी असावा, आणि तो संस्थेमार्फत झाला तर अधिक चांगले.

दुसरे सांगणे सोपे आहे. आंबा मंडईतून घ्या, दारावरून घ्या की फोनवरून मागवा. घेताना विकणाऱ्याला गावाचे नाव विचारा. पावस, गणेशगुळे, नाटे, जयगड, नेवरे, अशी कितीतरी गावे आहेत. ‘रत्नागिरी’ एवढेच उत्तर मिळाले, तर आणखी विचारा. विचारणारे गिऱ्हाईक वाढले की गाव सांगावे लागेल, गाव सांगावे लागले की बागायतदाराचे नाव राखावे लागेल. बाजार समितीचा नियम वा चिकटपट्टी जे काम करू पाहते, त्याची निम्मी मजल या प्रश्नाने गाठता येईल.

अक्षय्य तृतीयेला केलेले दान क्षय पावत नाही, असे आपण मानतो. आज नैवेद्याच्या पानावर ठेवलेले फळ कोणी तरी गेल्या आश्विनापासून कर्ज काढून राखले आहे. दिवाळीला अजून सहा महिने आहेत. ज्यांना पुढच्या वर्षीच्या पेटीची नोंदणी करावयाची आहे, त्यांनी यंदाच्या पेटीवरचा पत्ता तेवढा जपून ठेवावा.